लॅपटॉपवरील लिनक्स आणि ड्रायव्हरदोषांची चौकशी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य संपुष्टात आले, आणि ज्यांचा पडदा, कळफलक व प्रोसेसर अद्याप उत्तम चालतात, परंतु विंडोज ११ ने घातलेल्या अटींत जे बसत नाहीत, असे घरोघरचे लॅपटॉप अडगळीच्या वाटेस लागले. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा यांपैकी एखादी मुक्तस्रोत प्रणाली बसवून त्यांना आणखी काही वर्षांचे आयुष्य द्यावे, असा विचार आज अनेक विद्यार्थी, शिक्षक, लहान व्यावसायिक आणि निवृत्त गृहस्थ करीत आहेत, आणि तो सर्वथा योग्य आहे असे माझे मत आहे. परंतु प्रणाली बसल्यावर पहिल्याच दिवशी वाय-फायचे चिन्ह दिसत नाही, किंवा ध्वनी उमटत नाही, किंवा झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा काळाच राहतो, तेव्हा नवागत माणूस घाबरून जातो. कोठेतरी वाचलेल्या चार आज्ञा, त्यांचा अर्थ न उमगता, टर्मिनलमध्ये उतरवून काढतो. आणि मूळचा एक दोष निवारण्याच्या भरात नवे दोष निर्माण करून शेवटी लिनक्स आपल्या कामाचे नाही असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. लिनक्स ही आपल्या कारभाराचे दप्तर मालकापासून लपवून न ठेवणारी प्रणाली आहे; कोणते उपकरण हजर आहे, कोणत्या ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतला, कोणाला काय न मिळाल्यामुळे काम अडले, याची बारीकसारीक नोंद ती स्वतः करून ठेवते, आणि ती नोंद वाचण्यापूर्वी कोणताही उपाय हाती घेऊ नये, हेच मला वाचकांना आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

प्रथम एक जुना समज दूर केला पाहिजे. विंडोजच्या वहिवाटीमुळे ड्रायव्हर म्हणजे निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन स्वतंत्रपणे बसवावयाची वस्तू, अशी आपली धारणा झालेली असते, आणि लिनक्स बसविल्यावरही आपण त्याच वाटेने ड्रायव्हर शोधू लागतो. लिनस टोर्वाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये ज्या कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, आरंभ केला, त्याच्या संहितेतच आज बहुतेक ड्रायव्हर समाविष्ट असतात, आणि प्रणाली बसविताच ते सर्व यंत्रावर येऊन दाखल होतात. कर्नेलच्या अंतर्भागातील जोडणीचे नियम कायम राखण्याचे बंधन त्याच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारलेले नाही. त्यामुळे संहितेत दाखल झालेला ड्रायव्हर प्रत्येक फेरबदलाबरोबर आपोआप दुरुस्त होत राहतो, आणि संहितेबाहेर राहिलेला ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीसरशी मोडण्याच्या धोक्यात असतो. यावरून जो व्यावहारिक नियम निघतो तो असा की, उपकरण चालत नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी आपले कर्नेल कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहावे. टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' ही आज्ञा दिली की ती आवृत्ती कळते. (या लेखातील आज्ञांची नावे देवनागरीत दिली असली, तरी टंकताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाची आहेत.)

याचे एक बोलके उदाहरण रियलटेक कंपनीच्या आरटीएल८८२१सीई या वाय-फाय पट्टीचे आहे. स्वस्त लॅपटॉपांत ही पट्टी विपुल प्रमाणात बसविली गेली. परंतु तिचा ड्रायव्हर कर्नेलच्या ५.९ या आवृत्तीत, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरात, दाखल झाला, आणि उबुंटू २०.०४ तर त्याच वर्षीच्या एप्रिलात ५.४ हे कर्नेल घेऊन बाहेर पडले होते. ज्यांनी ते बसविले त्यांना वाय-फाय मिळाले नाही, आणि यंत्र नादुरुस्त आहे की प्रणाली सदोष आहे, या विवंचनेत ते पडले. वस्तुतः दोन्ही धडधाकट होती. यंत्र नवे होते आणि कर्नेल जुने होते, एवढीच गोष्ट. उबुंटूने पुढे २०.०४ च्याच नंतरच्या फेऱ्यांत नव्या यंत्रांसाठी नवे कर्नेल दिले, आणि तोच शिरस्ता तिच्या दीर्घकालीन आवृत्त्यांत आजही चालू आहे. म्हणून नवा लॅपटॉप असेल तर नव्या आवृत्तीची प्रणाली निवडावी. स्थैर्याच्या लोभाने दोन वर्षांपूर्वीची प्रत बसविणे हे अशा यंत्राच्या बाबतीत हिताचे नसते. उलट, सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपला ही चिंता क्वचितच असते.

प्रणाली तबकडीवर कायमची बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची मुभा मिंट, उबुंटू यांसारखी बहुतेक लिनक्स-वितरणे देतात, आणि या मुभेचा लाभ न घेता पुढे जाणारा मनुष्य स्वतःवर मोठाच अन्याय करतो. त्या अवस्थेत वाय-फाय जोडून पाहावे, ध्वनी ऐकावा, कॅमेरा उघडावा, ब्ल्यूटूथवर एखादे उपकरण जोडावे, पडद्याचा प्रकाश कमीजास्त करावा, टचपॅडवर दोन बोटांनी पृष्ठ सरकवून पाहावे आणि झाकण मिटून यंत्र निद्रिस्त करून पुन्हा जागे करावे. जुना लॅपटॉप विकत घेताना तर दुकानदारासमोरच ही परीक्षा घ्यावी; पेनड्राइव्ह खिशात घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला समजूतदार दुकानदार हरकत घेत नाही.

आता प्रत्यक्ष चौकशीकडे वळू. लॅपटॉपच्या पाठीवर किंवा खोक्यावर छापलेले नाव या कामी फारसे उपयोगी पडत नाही, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये एका खेपेस इंटेलची, दुसऱ्या खेपेस रियलटेकची आणि तिसऱ्या खेपेस मीडियाटेकची वाय-फाय पट्टी बसविण्याची निर्मात्यांची रीत आहे. शेजाऱ्याच्या तशाच यंत्रावर लागू पडलेला उपाय आपल्या यंत्रावर निष्फळ ठरतो तो याच सबबीने. खरी ओळख क्रमांकाने पटते. पीसीआय मार्गाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणात निर्मात्याचा एक व उपकरणाचा एक, असे सोळाच्या पायावरील चार-चार अंकी दोन क्रमांक कोरलेले असतात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, आणि १९७८ साली त्या कंपनीने काढलेल्या प्रोसेसरचेही हेच नाव होते. रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, एनव्हिडियाचा १०डीई, तर एएमडीच्या चित्रपट्ट्यांचा १००२. 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा दिली असता ही सारी उपकरणे ओळीने हजेरी देतात, चौकटी कंसात हे क्रमांक दिसतात, आणि प्रत्येकाखाली ड्रायव्हरविषयीच्या दोन ओळी येऊ शकतात: पहिलीत सध्या ताबा असलेल्या ड्रायव्हरचे नाव असते आणि दुसरीत ज्यांना तो ताबा घेता येईल अशा मॉड्यूलांची, म्हणजे कर्नेलमध्ये चढविता येणाऱ्या ड्रायव्हर-भागांची, नावे असतात.

या दोन ओळींवर मी वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो, कारण अर्ध्याहून अधिक प्रकरणांचा निकाल येथेच लागतो. दोन्ही ओळी असतील, तर ड्रायव्हर रुजू झालेला आहे आणि दोष त्याच्या पलीकडे, म्हणजे फर्मवेअरमध्ये, एखाद्या बंद कळीत किंवा मांडणीत आहे. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा बसविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. केवळ मॉड्यूलाची ओळ असून ताब्याची ओळ नसेल, तर कर्नेलला उपकरण ठाऊक आहे, परंतु मॉड्यूल चढलेले नाही: त्याला कोणीतरी मनाई-यादीत टाकले आहे, किंवा सुरक्षेच्या कारणाने त्याचा प्रवेश नाकारला गेला आहे. दोन्ही ओळी नसतील, तर या कर्नेलला त्या क्रमांकाचे उपकरण ओळखता येत नाही, आणि नवे कर्नेल किंवा संहितेबाहेरचा ड्रायव्हर यांचा विचार करणे प्राप्त होते. आणि उपकरणाचे नावच यादीत नसेल, तर ते यूएसबी मार्गावर असण्याचा संभव ध्यानी घेऊन 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी, कारण ब्ल्यूटूथ, कॅमेरा आणि बोटांचे ठसे वाचणारा भाग बहुधा तेथे सापडतात; तेथेही नसेल तर बायोसमध्ये जाऊन तो भाग बंद केलेला नाही ना, ते पाहावे.

ओळख पटल्यानंतर साक्ष घ्यावी. यंत्र सुरू होताना कर्नेल जे जे करते आणि ज्या ज्या ठिकाणी अडते, ते सारे 'सुडो डीमेसेज' या आज्ञेने वाचावयास मिळते, आणि ज्या वितरणांत सिस्टमडी आहे तेथे 'जर्नलसीटीएल -के -बी' या आज्ञेने तेच दप्तर अधिक सोयीने उघडते. मागल्या खेपेस यंत्र गोठून बंद पडले असेल तर शेवटी '-१' जोडून त्या खेपेची नोंदही मागविता येते, अर्थात ती तबकडीवर राखली जात असेल तर. हजारो ओळी पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. आधीच्या आज्ञेत सापडलेले ड्रायव्हरचे नाव, उदाहरणार्थ इंटेलच्या वाय-फायसाठी 'आयडब्ल्यूएलवायफाय', 'ग्रेप' आज्ञेला देऊन केवळ त्या नावाच्या ओळी निवडाव्यात. त्यांत फर्मवेअर चढविण्यात अपयश आल्याचा उल्लेख आणि शेजारी उणे २ हा अंक दिसला, तर मागितलेली फाइल जागेवर नाही असा त्याचा अर्थ असतो. उणे ११० दिसला, तर उपकरणाने ठरल्या वेळेत उत्तर दिलेले नाही, आणि ही तक्रार वीजबचतीच्या मांडणीपासून सैल पडलेल्या जोडणीपर्यंत कशामुळेही उद्भवू शकते.

फर्मवेअरचा प्रश्न नवख्यांना सर्वांत अधिक चकवितो. आधुनिक वाय-फाय पट्टी किंवा चित्रपट्टी हा स्वतःचा लहान प्रोसेसर असलेला एक संगणकच असतो, आणि त्याने चालवावयाची आज्ञावली प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना ड्रायव्हरला 'लिब' निर्देशिकेतील 'फर्मवेअर' या दालनातून उचलून त्याच्या हवाली करावी लागते. ही आज्ञावली निर्माते बहुधा बंद स्वरूपातच देतात, आणि तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येत नाही. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीला हे का खुपते, ते तिच्या उगमाकडे पाहिले म्हणजे कळते: मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आलेल्या झेरॉक्सच्या एका लेझर छपाईयंत्राची आज्ञावली दुरुस्त करण्यासाठी मूळ संहिता मिळू शकली नाही, या अनुभवाचा रिचर्ड स्टॉलमन यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्या तत्त्वनिष्ठेपोटी डेबियनने अनेक वर्षे बंद फर्मवेअरला आपल्या अधिकृत प्रतीत स्थान दिले नव्हते, आणि परिणामी वाय-फायखेरीज जाळ्याशी जोडण्याचे अन्य साधन नसलेल्या लॅपटॉपवर ती बसविणे दुष्कर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदानाने हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आवश्यक फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागले. तत्त्वाला मुरड घालण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण ज्याच्या यंत्रावर मुक्त प्रणाली चालूच शकत नाही त्याला स्वातंत्र्याचा उपदेश करून काय लाभ? सारांश, फर्मवेअर गैरहजर असेल तर उबुंटू व मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज अद्ययावत करावे, डेबियनमध्ये 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', 'फर्मवेअर-रियलटेक' अशा नावांची पॅकेजे मागवावी, आणि यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे.

परंतु वाय-फाय नाही म्हणून पॅकेज मागविता येत नाही, आणि पॅकेज नाही म्हणून वाय-फाय नाही, या पेचातून सुटावे कसे? अँड्रॉइड फोन डेटा वाहणाऱ्या केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या मांडणीत जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करावे. लिनक्स त्या फोनला तारेच्या जाळ्याप्रमाणे वागविते, आणि त्यासाठी निराळा ड्रायव्हर लागत नाही. ही एक युक्ती ठाऊक असली म्हणजे पुष्कळ वणवण वाचते. जाळे मिळाल्यावर, इतर काहीही करण्यापूर्वी, प्रणाली पूर्णतः अद्ययावत करून घ्यावी.

वाय-फायसंबंधी आणखी काही प्रकरणे वारंवार समोर येतात. ड्रायव्हर रुजू आहे, फर्मवेअर चढले आहे, तरी जाळी दिसत नाहीत, अशा वेळी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. तीत मृदू प्रतिबंध दिसला तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' या आज्ञेने तो उठतो. कठोर प्रतिबंध दिसला तर लॅपटॉपच्या कडेची सरकती कळ किंवा विमानाचे चित्र असलेली कळ तपासावी. एकाच यंत्रावर विंडोजही नांदत असेल, तर तिची जलद प्रारंभाची सोय बंद करावी, कारण त्या सोयीत विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि वाय-फाय पट्टी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती पडते. दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल, तर नेटवर्क-मॅनेजरच्या मांडणीत वाय-फायच्या वीजबचतीचे मूल्य २ करावे. त्या ठिकाणी २ याचा अर्थ बचत बंद असा आहे. रियलटेकच्या आरटीएल८७२३बीई पट्टीची तऱ्हा आणखी निराळी: काही लॅपटॉपांत तिला एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर भलत्याच टोकावर कान लावून बसतो, त्यामुळे राउटरच्या शेजारी बसूनही संकेत क्षीण राहतो. 'इटीसी' निर्देशिकेतील 'मॉडप्रोब.डी' या दालनात एक फाइल करून तीत त्या मॉड्यूलासाठी 'अँट_सेल=२', आणि त्याने भागले नाही तर 'अँट_सेल=१', असा पर्याय नोंदविला की हा दोष जातो. ब्रॉडकॉमच्या पट्ट्यांसाठी मुक्त व बंद असे एकाहून अधिक ड्रायव्हर उपलब्ध आहेत, आणि ते परस्परांशी भांडतात. म्हणून १४ई४ या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक पाहून, आपल्या वितरणाच्या पुस्तिकेत त्याच्यासाठी जो सांगितला असेल तो एकच ठेवावा. उबुंटूत 'अतिरिक्त ड्रायव्हर' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' या खिडकीत ही निवड एका कळीने होते.

पडदा काळा राहण्याचे प्रकरण बहुधा एनव्हिडियाच्या चित्रपट्टीशी निगडित असते. यंत्र सुरू होताना ग्रबची, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करावयाची ते विचारणाऱ्या आज्ञावलीची, यादी आली की 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळीच्या अखेरीस 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबून पुढे जावे. पडदा साध्या रूपात उघडतो. हा शब्द केवळ आत प्रवेश मिळविण्यासाठी आहे, तो कायमचा ठेवू नये, कारण त्याने चित्रपट्टीचा खरा ड्रायव्हरच बाजूला राहतो. आत गेल्यावर 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' या आज्ञेने शिफारस केलेली आवृत्ती पाहावी आणि वितरणाच्या भांडारातूनच ती बसवावी. फेडोरावर त्यासाठी आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडावे लागते. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरविलेली स्वयंचलित फाइल चालवू नये, असे मी निक्षून सांगतो: पुढच्या कर्नेलबरोबर ती मोडते आणि तिचे अवशेष निस्तरणे कष्टाचे होते. मे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या कर्नेल मॉड्यूलांची संहिता खुली केली खरी, परंतु तिचा लाभ ट्युरिंग व त्यापुढील पिढ्यांनाच आहे. केप्लर पिढीच्या पट्टीसाठी ४७० आणि फर्मी पिढीसाठी ३९० या जुन्या मालिकांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि त्या जमत नसतील तर मुक्त 'नुव्हो' ड्रायव्हरवर समाधान मानावे.

याच ठिकाणी सिक्युअर बूट आडवे येते. ती सोय चालू असताना ज्या मॉड्यूलावर मान्य किल्लीची मोहर नाही, त्याला कर्नेल आत घेत नाही, आणि दप्तरात किल्ली नाकारल्याची नोंद होते. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' या आज्ञेने ती चालू आहे की नाही ते कळते. एनव्हिडियाचा किंवा संहितेबाहेरचा अन्य ड्रायव्हर बसविताना उबुंटू एक सांकेतिक शब्द ठरवावयास सांगते, आणि पुढल्या प्रारंभी एक निळा पडदा उघडून अवघे दहा सेकंद वाट पाहतो. तेथे कोणतीही कळ दाबून आत जावयाचे, एनरोल मोक हा पर्याय निवडावयाचा आणि तोच शब्द पुन्हा टंकावयाचा. अनेक जण हा पडदा पाहून बावरतात, त्याला तसाच जाऊ देतात, आणि नंतर ड्रायव्हर बसूनही चालत नाही अशी तक्रार करतात. संधी हुकली असेल तर 'मोकयुटिल --इम्पोर्ट' या आज्ञेने त्याच किल्लीसाठी पुन्हा अर्ज करता येतो. सिक्युअर बूट सरसकट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. किल्ली नोंदविणे शक्य असताना तो मला पटत नाही.

संहितेबाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर पुन्हा घडविण्याची तजवीज डीकेएमएस नावाची यंत्रणा करते. ती मूळ डेल कंपनीत निर्माण झाली. तिला कर्नेलच्या हेडर फाइली लागतात, आणि त्या नसतील तर अद्ययावतीकरण बिनतक्रार पार पडल्यासारखे दिसते, परंतु दुसऱ्या दिवशी वाय-फाय नाहीसे झालेले असते. 'डीकेएमएस स्टेटस' या आज्ञेने ही गोष्ट तत्काळ उघड होते. कोणत्याही अद्ययावतीकरणानंतर एखादे उपकरण बंद पडले, तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रबची यादी आणावी, तीतील प्रगत पर्यायांत जावे आणि आधीचे कर्नेल निवडावे. जुन्या कर्नेलवर उपकरण चालले, तर दोष कोठे आहे ते निर्विवाद ठरते, आणि पुढची दुरुस्ती येईपर्यंत कामही अडत नाही. म्हणून जुने कर्नेल घाईने पुसून टाकू नये.

प्रणाली बसविताना तबकडीच दिसली नाही, तर बायोसमध्ये साठवणीची पद्धत इंटेल आरएसटी किंवा रेड अशी आहे काय ते पाहावे आणि ती एएचसीआय करावी. यंत्रावर विंडोज ठेवावयाची असेल तर मात्र ती आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तरतूद केल्यावाचून हा बदल करू नये, आणि बिटलॉकरची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसला हातच लावू नये.

ध्वनी नसेल तर 'अल्सामिक्सर' उघडून एखाद्या स्तंभाखाली 'एमएम' अशी मूकपणाची खूण आहे काय ते प्रथम पाहावे. 'एम' कळीने ती निघते. केवळ 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर नव्या इंटेल यंत्रांत साउंड ओपन फर्मवेअरचे पॅकेज नसणे हे नेहमीचे कारण आहे. ते बसवूनही भागले नाही तर 'एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी' या मॉड्यूलाला 'डीएसपी_ड्रायव्हर=१' असा पर्याय देता येतो, परंतु त्याने लॅपटॉपमधील अंगभूत मायक्रोफोन गमवावा लागण्याचा संभव असतो. झाकण मिटल्यावर बॅटरी वेगाने उतरत असेल, तर 'सिस' निर्देशिकेतील 'पॉवर' या दालनात 'मेम_स्लीप' ही फाइल वाचावी; तीत 'डीप' हा शब्द उपलब्ध असेल तर 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' हे कर्नेलला सांगून पाहावे. नसेल, तर निर्मात्याने गाढ निद्रेची सोयच काढून टाकली आहे असे समजावे. यांपैकी पुष्कळ दोष बायोस अद्ययावत केल्याने जातात, आणि डेल, लेनोवो यांसारख्या कंपन्यांच्या अनेक यंत्रांचे बायोस लिनक्समधूनच 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर' या आज्ञेच्या द्वारे अद्ययावत करता येते. तेवढा वेळ चार्जर जोडलेला असावा.

काही दोषांना आज उपाय नाही, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बोटांचे ठसे वाचणाऱ्या अनेक भागांसाठी मुक्त ड्रायव्हर झालेलेच नाहीत. 'लिबएफप्रिंट' प्रकल्पाच्या यादीत आपला क्रमांक नसेल तर तो नाद सोडावा. वाय-फाय पट्टीच हट्टी असेल, तर तिच्यावर आठवडे खर्च करण्यापेक्षा ती बदलावी. इंटेलची एएक्स२१० पट्टी बऱ्याच लॅपटॉपांत बसते. एएक्स२०१ व एएक्स२११ मात्र इंटेलच्या विशिष्ट प्रोसेसरांसमवेतच चालतात, आणि काही जुनी यंत्रे बायोसमध्ये नोंद नसलेली पट्टी नाकारतात, या दोन गोष्टी खरेदीपूर्वी पारखून घ्याव्यात. यूएसबीची पट्टी घ्यावयाची असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र नुसते 'लिनक्सवर चालते' या आश्वासनावर विसंबू नये. आतील चिप विचारावी, आणि मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा ॲथेरॉसची एआर९२७१ असेल तर निःशंकपणे घ्यावी, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नेलच्या संहितेतच आहेत.

आणि जेथे उपाय असावयास हवा पण सापडत नाही, तेथे फिर्याद दाखल करावी. प्रथम आपल्या वितरणाच्या दोषनोंदणी-दप्तरात आणि आवश्यक तर कर्नेलच्या दप्तरात, साध्या इंग्रजीत, लॅपटॉपचे पूर्ण नाव, उपकरणाचे दोन्ही क्रमांक, कर्नेलची आवृत्ती, बायोसची आवृत्ती, दोष केव्हापासून आहे, कोणत्या कर्नेलवर तो नव्हता आणि 'डीमेसेज'ची संपूर्ण नोंद, इतका तपशील द्यावा. नोंदीतील यंत्राचा अनुक्रमांक व जाळ्याचा पत्ता मात्र खोडून टाकावा. संहितेबाहेरची मॉड्यूले चढविलेली असतील तर ती काढून दोष पुन्हा पडताळावा, कारण तशा डागाळलेल्या कर्नेलची तक्रार कर्ते सहसा ऐकत नाहीत. उत्तरादाखल एखादी चाचणी करून पाहावयास सांगितले, तर ती दिरंगाई न करता करून निकाल कळवावा, आणि दोष मिटला तर कशाने मिटला तेही तेथेच लिहून ठेवावे. त्याच क्रमांकाचे उपकरण असलेला पुढचा मनुष्य ती नोंद शोधत येणार असतो.